पीसीआर रिपोर्टमागचा रसायनशास्त्रज्ञ : डॉ. हरगोविंद खुराना

घरातली रिपोर्टची फाइल एकदा उघडून बघा. कोरोनाच्या काळातला आरटी-पीसीआरचा एखादा कागद अजून त्यात असेल. कुणाला टीबीचा संशय आला असेल तर बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी झाली असेल. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी, सी यांवर उपचार चालू असतील तर व्हायरल लोडचा आकडा असेल. नावं वेगवेगळी असली तरी या सगळ्या तपासण्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. डीएनएचा अगदी थोडासा अंश घ्यायचा आणि त्याच्या इतक्या प्रती काढायच्या, की तो यंत्राला सहज दिसावा.

ही युक्ती कुणी शोधली, असं विचारलं तर कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाचं नाव सांगितलं जातं. ते बरोबर आहे. पण मुलिस यांना ती सुचली १९८३ मध्ये. त्याच्या बारा वर्षं आधी, १९७१ मध्ये, अगदी तशीच कल्पना एका शोधनिबंधात छापून आली होती. तो निबंध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आला ते प्राध्यापक पंजाबातल्या एका खेड्यात जन्मले होते. त्यांचं नाव डॉ. हरगोविंद खुराना. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव शाळेत सामान्यज्ञानाच्या प्रश्नासाठी पाठ केलं असेल. त्या नावामागचा माणूस आणि तुमच्या हातातला रिपोर्ट यांचा संबंध आज समजून घेऊ. तो कळला की रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेही जास्त नीट कळेल.

झाडाखालची शाळा

खुराना यांचा जन्म रायपूर नावाच्या गावात झाला. हे छत्तीसगडमधलं रायपूर नव्हे. हे गाव तेव्हाच्या पंजाबात मुलतानच्या बाजूला होतं आणि आज ते पाकिस्तानात आहे. जन्मतारखेची नोंद ९ जानेवारी १९२२ अशी असली, तरी ती तारीख नक्की नव्हती. त्या काळी खेड्यात जन्मलेल्या आपल्या आजी-आजोबांच्या तारखाही अशाच शाळेत लावलेल्या असायच्या.

पाच भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वडील पटवारी होते, म्हणजे आपल्याकडचे तलाठी करतात तसं जमीन-महसुलाचं काम बघायचे. घरची परिस्थिती बेताची होती. गावात जेमतेम शंभर माणसं, आणि लिहिता-वाचता येणारं घर जवळजवळ हे एकच. मुलांनी शिकलं पाहिजे याबाबत वडील ठाम होते. हरगोविंदांच्या शाळेची पहिली चार वर्षं गावातल्या एका झाडाखाली गेली. पुढचं शिक्षण मुलतानच्या डीएव्ही हायस्कूलमध्ये आणि मग लाहोरच्या पंजाब विद्यापीठात झालं. तिथून त्यांनी १९४३ मध्ये बीएस्सी आणि १९४५ मध्ये एमएस्सी केलं.

त्याच वर्षी त्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंग्लंडला लिव्हरपूल विद्यापीठात गेले. १९४८ मध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी पूर्ण झाली. मधल्या काळात देशाची फाळणी झाली होती. त्यांचं गाव, त्यांचं मुलतान, त्यांचं लाहोर, सगळं सीमेच्या पलीकडे गेलं होतं.

नोकरी न मिळालेला पीएचडी

पीएचडीनंतरचं जवळजवळ एक वर्ष त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला व्लादिमिर प्रेलोग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाकडे काढलं. या कामाला पगार नव्हता. १९४९ मध्ये ते भारतात परतले आणि नोकरी शोधू लागले. ती मिळाली नाही. परदेशातली पीएचडी, झुरिकचा अनुभव, आणि तरी हाताला काम नाही. शिकून-सवरून नोकरीची वाट बघणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरात असेल, तर ते दिवस कसे गेले असतील हे वेगळं सांगायला नको.

अखेर ते पुन्हा इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये जॉर्ज केनर आणि अलेक्झांडर टॉड यांच्याबरोबर त्यांनी १९५० ते १९५२ काम केलं. टॉड यांचा विषय होता न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनए ज्या घटकांपासून बनतो ते रेणू. खुराना यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते इथे. पुढची जवळपास पंचवीस वर्षं ते मुख्यतः याच रेणूंना हाताळत राहिले.

१९५२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरहून बोलावणं आलं. तिथल्या संस्थेत साधनं फारशी नव्हती, पण हवं ते संशोधन करायची मोकळीक होती. त्याच वर्षी एस्थर सिब्लर या स्विस तरुणीशी त्यांचं लग्न झालं आणि इतकी वर्षं देशोदेशी फिरलेल्या या माणसाला घर मिळालं. व्हँकुव्हरमध्ये त्यांनी आणि जॉन मोफॅट यांनी को-एन्झाइम ए हा रेणू प्रयोगशाळेत बनवून दाखवला. अन्नातून ऊर्जा मिळवताना आपल्या प्रत्येक पेशीला हा रेणू लागतो. त्या कामामुळे खुराना यांचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. १९६० मध्ये ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले.

तीन-तीन अक्षरांचे शब्द

इथे थोडं डीएनएबद्दल बोलायला हवं. घाबरू नका, सोपं आहे.

डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पट्टी आहे, असं समजा. ती अक्षरं ए, टी, जी आणि सी. शरीरातली प्रथिनं कशी बनवायची याची कृती या अक्षरांत लिहिलेली असते. प्रथिनं बनतात वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ ओवून. मग चार अक्षरांच्या लिपीतून वीस मण्यांचा क्रम शरीर कसा वाचतं? १९६० च्या सुमाराला जीवशास्त्रातलं हे सगळ्यात मोठं कोडं होतं.

मार्शल निरेनबर्ग यांनी १९६१ मध्ये त्याचं पहिलं अक्षर लावलं. खुराना यांनी रसायनशास्त्रज्ञाच्या हातोटीने पुढचा रस्ता काढला. त्यांनी डीएनएचे छोटे तुकडे स्वतः बनवले. त्यांत कोणतं अक्षर कुठे आहे हे त्यांना आधीच माहीत होतं, कारण ते त्यांनीच जोडलं होतं. मग डीएनए पॉलिमरेज नावाचं, डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम वापरून त्या तुकड्यांच्या लांब साखळ्या केल्या. त्यांवरून आरएनए बनवला, त्या आरएनएवरून प्रथिनाची माळ बनवून घेतली, आणि कोणत्या शब्दाला कोणता मणी येतो ते पाहिलं.

दोन अक्षरं आलटून-पालटून येणारी साखळी दिली तर दोन अमिनो आम्लं आलटून-पालटून आली. शरीर अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचतं, याचा हा भक्कम पुरावा होता. चार अक्षरांपासून तीन अक्षरी शब्द ६४ होतात. त्यांपैकी ६१ शब्द अमिनो आम्लांचे आणि उरलेले ३ थांबण्याची खूण. खुराना यांच्या गटाने हे ६४ तुकडे बनवून तपासले. काम अत्यंत किचकट होतं. एक अक्षर जोडायचं, शुद्ध करायचं, मग दुसरं जोडायचं, पुन्हा शुद्ध करायचं. कुठे घाई झाली की सगळं पहिल्यापासून.

१९६८ मध्ये खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना मिळून वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी भारत सरकारने खुराना यांना पद्मविभूषण दिलं. तोवर ते अमेरिकेचे नागरिक झाले होते.

या शोधाचा तुमच्याशी काय संबंध? एकच उदाहरण देतो. सिकलसेल हा आजार आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात अनेक कुटुंबांत आहे. त्यात हिमोग्लोबिनच्या कृतीतला जीएजी हा एक शब्द बदलून जीटीजी होतो. फक्त एक अक्षर. पण जीएजी म्हणजे एक अमिनो आम्ल आणि जीटीजी म्हणजे दुसरं. तेवढ्यानेच तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पेशंट असह्य वेदनांनी तळमळतो. एका अक्षराने एवढं का व्हावं, हे आज आपण सांगू शकतो, कारण तो शब्दकोश लावणाऱ्यांत खुराना होते.

सत्त्याहत्तर अक्षरांचं जनुक

नोबेल मिळाल्यावर माणूस थोडा निवांत होईल असं वाटतं. खुराना यांनी आणखी अवघड काम घेतलं होतं. एक संपूर्ण जनुक रसायनांपासून बनवायचं. त्यासाठी त्यांनी यीस्टमधलं ७७ अक्षरांचं एक छोटं जनुक निवडलं. छोटे तुकडे रसायनशास्त्राने बनवायचे आणि ते एन्झाइमच्या मदतीने एकमेकांना जोडायचे, अशी पद्धत होती. १९७० मध्ये त्यांनी हे जनुक पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. प्रयोगशाळेत बनवलेलं ते पहिलं जनुक. त्याच वर्षी ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले. १९७६ मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक जनुक बनवलं आणि ते जिवाणूच्या पेशीत खरोखर काम करतं हे दाखवून दिलं.

एवढ्या कष्टाने बनवलेला डीएनए हाती यायचा तो अगदी कणभर. तो वाढवता आला तर? या गरजेतून १९७१ चा तो शोधनिबंध आला. नॉर्वेहून आलेले शेल क्लेप्पे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर खुराना यांनी त्यात पुढचा विचार मांडला.

डीएनए दुपदरी असतो, चेनच्या दोन बाजूंसारखा. तो तापवला की दोन पदर सुटे होतात. मग थोडं थंड करायचं आणि प्रायमर नावाचे छोटे तुकडे मिसळायचे. ते दोन्ही पदरांवर आपापल्या जागी जाऊन बसतात. मग पॉलिमरेज एन्झाइम घालायचं. ते प्रायमरपासून सुरुवात करून समोरचा पदर लिहून काढतं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा, पुन्हा एन्झाइम घाला. दोनाचे चार, चाराचे आठ.

आज पीसीआरच्या यंत्रात हेच होतं. तीस फेऱ्या पूर्ण झाल्या की एका तुकड्याचे, निदान कागदावर, सुमारे १०७ कोटी तुकडे होतात.

मग अडलं कुठे?

कल्पना बरोबर होती, पण तिला पुढे नेणाऱ्या तीन गोष्टी तेव्हा नव्हत्या.

पहिली अडचण प्रायमरची. ते हाताने बनवायला खूप वेळ लागायचा. दुसरी, डीएनएची अक्षरं वाचण्याची. ज्या जागी प्रायमर बसवायचा तिथली अक्षरं माहीत हवीत, आणि ती झटपट वाचायची फ्रेडरिक सँगर यांची पद्धत आली १९७७ मध्ये.

तिसरी अडचण एन्झाइमची, आणि आपल्या गोष्टीत ती सगळ्यात महत्त्वाची. डीएनए पॉलिमरेज शोधलं होतं आर्थर कॉर्नबर्ग यांनी, ई. कोलाय या जिवाणूमध्ये. हा जिवाणू आपल्या आतड्यात राहतो. त्यामुळे त्याच्या एन्झाइमला आपल्या शरीराचं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. पण डीएनएचे पदर सुटे करायला ९५ अंशांपर्यंत तापवावं लागतं. एन्झाइम हे प्रथिन आहे. अंडं उकडल्यावर त्याचा पांढरा भाग घट्ट होतो आणि पुन्हा कधी पातळ होत नाही, तसंच या एन्झाइमचं होतं. म्हणजे प्रत्येक फेरीत ते वाया जाणार आणि दर वेळी नवीन घालावं लागणार. खुराना यांच्या गटाने निबंधात तसं नमूदही केलं होतं. त्या काळी हे एन्झाइम मिळायला कठीण होतं. तीस फेऱ्यांचा विचार कोण करणार?

गंमत अशी, की उत्तर तेव्हा सापडलेलं होतं, पण ते अगदी वेगळ्या खोलीत पडलं होतं. थॉमस ब्रॉक नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ १९६६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम पाण्याच्या झऱ्यांचा अभ्यास करत होते. इतक्या गरम पाण्यात कोण जगू शकतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांना आणि हडसन फ्रीझ या त्यांच्या विद्यार्थ्याला ७० अंशांच्या आसपास आरामात वाढणारा एक जिवाणू मिळाला. १९६९ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं थर्मस ॲक्वाटिकस. त्याचा नमुना त्यांनी जिवाणूंच्या एका सार्वजनिक संग्रहात ठेवला. १९७६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातल्या ॲलिस चिएन, डेव्हिड एडगर आणि जॉन ट्रेला यांनी त्या जिवाणूमधून डीएनए पॉलिमरेज वेगळं काढलं. हे एन्झाइम ८० अंशांच्या आसपास सगळ्यात जोमाने काम करायचं. जिवाणूच्या नावावरून पुढे त्याला टॅक पॉलिमरेज म्हणू लागले.

मुलिस, पेटंट आणि कोर्ट

कॅरी मुलिस कॅलिफोर्नियातल्या सीटस या कंपनीत डीएनएचे छोटे तुकडे बनवायचं काम करत होते. १९८३ मध्ये रात्री गाडी चालवताना त्यांना पीसीआरची कल्पना सुचली. कंपनीतल्या सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली. १९८५ मध्ये या तंत्राचा पहिला उपयोग छापून आला तो सिकलसेलच्या निदानासाठी. त्या वेळीही दर फेरीला कुणीतरी हाताने नवीन एन्झाइम घालत बसायचं. मग कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी टॅक पॉलिमरेज शुद्ध करून वापरलं. एन्झाइम एकदाच घालायचं, झाकण लावायचं आणि यंत्र सुरू करायचं. गरम असतानाच काम होत असल्यामुळे प्रायमर भलत्या जागी चिकटण्याचं प्रमाणही कमी झालं. १९८८ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि पीसीआर जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली.

पीसीआरच्या पद्धतीची पेटंट कंपनीला १९८७ मध्ये मिळाली आणि टॅक एन्झाइमचं १९८९ मध्ये. ड्यूपाँ या दुसऱ्या कंपनीने पद्धतीच्या पेटंटला कोर्टात आव्हान दिलं. त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता, की ही कल्पना खुराना यांच्या प्रयोगशाळेने आधीच जाहीर केली होती. १९९१ मध्ये ज्युरीने सीटसच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी हॉफमन-ला रोश कंपनीने पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरना विकत घेतले. टॅकच्या पेटंटची गोष्ट मात्र वेगळी झाली. ते मिळवताना पेटंट कार्यालयाची दिशाभूल झाली, असं म्हणत १९९९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ते लागू करता येणार नाही असा निकाल दिला. पीसीआरची मूळ पेटंट अमेरिकेत २००५ मध्ये संपली.

मुलिस यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते त्यांना मायकेल स्मिथ यांच्याबरोबर विभागून मिळालं होतं. हे स्मिथ म्हणजे व्हँकुव्हरमध्ये खुराना यांच्या हाताखाली डीएनएचं रसायनशास्त्र शिकलेले शास्त्रज्ञ.

मग खुराना यांच्यावर अन्याय झाला का? प्रत्येकाने आपापलं मत बनवावं. माझ्या मते मुलिस यांचं श्रेय कमी होत नाही. कल्पना कामाला लावणं हाही शोधच असतो. पण खुराना यांचा वाटा फक्त १९७१ च्या त्या निबंधापुरता नाही. आज पीसीआरच्या प्रत्येक किटमध्ये प्रायमर असतात. ते ज्या पद्धतीने यंत्रावर भराभर बनवतात, ती पद्धत १९८० च्या दशकात मार्विन कारुथर्स यांनी तयार केली. कारुथर्स खुराना यांच्याच प्रयोगशाळेतून शिकून गेले होते. म्हणजे बेडक्याच्या नमुन्यावर आज एक तास-दोन तासांत जे घडतं, त्यात खुराना यांच्या शिकवणीचा धागा आहेच, पेटंटवर नाव कुणाचंही असो.

शेवटची वर्षं

खुराना मात्र तोवर पुढे निघून गेले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी विषयच बदलला. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी पेशींच्या पटलातल्या प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. त्यातही डोळ्याच्या पडद्यातलं ऱ्होडॉप्सिन, ज्याच्यामुळे आपल्याला अंधुक उजेडात दिसतं. या प्रथिनात बिघाड झाला तर रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक आजार होऊ शकतो. त्यात आधी रातांधळेपणा येतो आणि मग नजर हळूहळू आक्रसत जाते. बिघडलेलं ऱ्होडॉप्सिन नीट घडी का घालू शकत नाही, हे त्यांच्या गटाने तपासलं. २००७ पर्यंत, वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत, ते एमआयटीत कार्यरत होते. ९ नोव्हेंबर २०११ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड इथे त्यांचं निधन झालं.

आता तुमचा रिपोर्ट

मी एमबीबीएस करत असताना टीबीचं घन माध्यमावरचं कल्चर यायला सहा ते आठ आठवडे लागायचे. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर तेवढे दिवस पेशंट चुकीच्या गोळ्या घेत राहायचा आणि घरातल्यांना संसर्ग देत राहायचा. आज सीबीनॅट सुमारे दोन तासांत टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हे सांगतं. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र तर बॅटरीवर चालतं, त्यामुळे ते लहान आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते काय मोजतं हे तुम्हाला माहीत हवं. दवाखान्यात नेहमी विचारले जाणारे चार मुद्दे इथे सांगतो.

१. पॉझिटिव्ह म्हणजे जंतूचा डीएनए किंवा आरएनए सापडला. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे यंत्राला कळत नाही. टीबीचा पूर्ण कोर्स संपल्यावर काही जण स्वतःहून पुन्हा सीबीनॅट करतात आणि ती पॉझिटिव्ह आली की घर हवालदिल होतं. मेलेल्या जंतूंचे अवशेष काही काळ शरीरात राहू शकतात. उपचार लागू पडले का, हे बघायला बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि कल्चर वापरतात. असा रिपोर्ट आला तर स्वतःहून औषधं सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा.

२. निगेटिव्ह म्हणजे दिलेल्या नमुन्यात सापडलं नाही. बेडक्याऐवजी नुसती थुंकी दिली तर सर्वोत्तम यंत्रही काही करू शकत नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरा, दीर्घ श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. निगेटिव्ह रिपोर्टनंतरही खोकला, ताप, वजन घटणं चालूच असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

३. सीटी व्हॅल्यू म्हणजे फेऱ्यांचा आकडा. कमी फेऱ्यांत दिसलं तर नमुन्यात जंतूचा अंश जास्त, जास्त फेऱ्या लागल्या तर कमी. आजार किती गंभीर आहे हे त्यावरून ठरवता येत नाही. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलनाही करू नका.

४. व्हायरल लोड सापडला नाही, असा एचआयव्हीचा रिपोर्ट आला तर आनंद माना. औषध चांगलं काम करतंय. पण विषाणू शरीरातून गेला असा त्याचा अर्थ नाही. हा रिपोर्ट हातात घेऊन औषधं बंद करणारे पेशंट मी पाहिले आहेत, आणि काही महिन्यांनी ते आजारी पडून परत आलेलेही पाहिले आहेत. गोळी एक दिवसही चुकवू नका.

आणि ज्यांच्या कुटुंबात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. लग्नाआधी किंवा गरोदरपण ठरवण्याआधी दोघांनीही रक्त तपासून घ्या. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. पण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भातल्या बाळाची तपासणी पीसीआरने वेळेत करता येते. त्यासाठी गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटावं लागतं.

पुढच्या वेळी रिपोर्टची वाट बघत लॅबच्या बाकावर बसाल तेव्हा आत काय चाललंय ते तुम्हाला माहीत असेल. एका लहानशा नळीत तापवणं आणि थंड करणं चालू असतं, आणि गरम झऱ्यातल्या जिवाणूकडून माणूस शिकला तसं उष्णतेला न घाबरणारं एन्झाइम अक्षरामागून अक्षर लिहीत असतं. झाडाखालच्या शाळेत अक्षरं गिरवलेल्या एका मुलाने त्या लिपीचे शब्द लावायला मदत केली होती. रिपोर्ट हातात आला की तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मनात येतील ते सगळे प्रश्न विचारा.